दाराची आतली कड

१

काचेचा तो तुकडा बंपरच्या फुटक्या दिव्यात बरोब्बर बसला, आणि गुळगुळेच्या तोंडचं पाणी पळालं.

गाडीपुढे उकिडव्या बसलेल्या बाई साध्या कपड्यांत होत्या, पण त्यांच्यामागे दोन शिपाई उभे होते. त्या कोण, हे विचारायची गरजच नव्हती. इन्स्पेक्टर बाईंनी तुकडा काढला, पुन्हा बसवला, पुन्हा काढला. सगळं दोनदा करायची त्यांना खोड होती.

"परवा दुपारी ही गाडी कोण चालवत होतं?" त्यांनी विचारलं. गुळगुळे ततपप करू लागला, तेव्हा त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, तितक्याच शांतपणे विचारला.

परवा दुपारी शाळेमागच्या रस्त्यावरून घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा सायकलवर चालला होता. एका पांढऱ्या गाडीनं त्याला उडवलं आणि दिव्याच्या काचेचा तुकडा मागे टाकून ती न थांबता निघून गेली. उपचार सुरू व्हायच्या आतच म्हातारा गेला. बाजारात दुसरा विषय नव्हता. गुळगुळेच्याही कानावर ते आलं होतं. काल सकाळी त्याचा धाकटा भाऊ ही गाडी घेऊन आला, तेव्हा फुटका दिवा पाहून त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. पण आपल्या माणसाच्या बाबतीत ती पाल चुकचुकली तर तिला हुसकून लावायची, ही आपली सगळ्यांचीच रीत. त्यानंही तेच केलं.

गाडी दाताच्या डॉक्टरांची, आणि धाकटा त्यांचा ड्रायव्हर.

गुळगुळे हे काही आमच्या माणसाचं आडनाव नव्हे. गाडीच्या रंगावरची खरखर काढण्यात त्याचा हातखंडा, म्हणून बाजारानं ते त्याला चिकटवलं. दुकान एका गाळ्यात. एका वेळी एकच गाडी आत मावायची, भिंतीला फवाऱ्याच्या बाटल्या आणि फडक्यांच्या चवडी, दाराशी चाव्या टांगायची फळी. त्या फळीवरच्या काही चाव्या इतक्या जुन्या की मालक त्या विसरून गेले होते. धाकटा रोज सकाळी तिथे चहाला यायचा, दादाची थोडी थट्टा करायचा आणि मग डॉक्टरांकडे कामावर जायचा.

आजही तो शीळ घालत आला. शिपायांना पाहून शीळ थांबली.

"दादा, मी नव्हतो रे," तो म्हणाला. अजून त्याला कोणी काही विचारलंही नव्हतं.

बाईंनी त्याला जीपमध्ये बसवायला सांगितलं आणि त्या गुळगुळेकडे वळल्या. "काल दिवसभर तुम्ही या गाडीचं काय केलंत?"

"साफ केली."

"किती साफ?"

गुळगुळेला नेहमी या प्रश्नाचा अभिमान वाटायचा. आज तो पुटपुटला, "पूर्ण."

"म्हणजे जे काही असेल ते तुम्हीच काढून टाकलंत," बाई म्हणाल्या.

२

चावी घेऊन जाणाऱ्या माणसांना गुळगुळे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगायचा. गाडी धुतली म्हणजे धूळ जाते, पण रंगात रुतून बसलेलं काही जात नाही. लोखंडाचा कीस, डांबराचे थेंब, कुठे रंगकाम चालू असेल तर त्याची उडती धूळ. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतं. म्हणून तो हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवायचा. पिशवीतून बारीकशी खरखरही मोठी होऊन कळते. मग साबणपाण्याचा फवारा मारायचा आणि मऊ क्लेचा गोळा हलक्या हातानं फिरवायचा. क्ले म्हणजे मळलेल्या कणकेसारखी चिकट माती. ती सगळी घाण ओढून घेते. मळली की घडी घालायची आणि आतली स्वच्छ बाजू वर आणायची. गोळा जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्यायचा, कारण त्यात शिरलेला एक खडा सगळ्या गाडीवर ओरखडे काढतो.

ही पांढरी गाडी उजव्या बाजूनं, म्हणजे चालकाच्या बाजूनं, नुसती खरखरत होती. काल घासताना गोळ्यावर पांढरे कण आले तेव्हाच त्याला कळलं होतं की हा स्प्रेचा उडालेला रंग आहे. पांढऱ्या गाडीवर पांढरा रंग, म्हणून कोणाच्या डोळ्यांना दिसला नव्हता.

बाई डॉक्टरांकडे चौकशीला निघाल्या, तेव्हा गुळगुळे गाळा तसाच उघडा टाकून त्यांच्या मागे गेला. बाईंनी त्याला हाकललं नाही.

डॉक्टर लोकांची तोंडं उघडण्यात पटाईत, पण स्वतःचं उघडताना जपून होते. "मी दुपारभर खुर्चीवरच्या पेशंटला सोडून हललो नाही. गाडी ड्रायव्हरच्या ताब्यात असते. अजून काय सांगू?"

डॉक्टरांच्या बायको म्हणाल्या, "माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या बायका होत्या, त्यांना विचारा. आणि गाडी चालवायला मी अजून शिकते आहे. ड्रायव्हर शेजारी नसेल तर मी चावीला हात लावत नाही."

त्यांचा मुलगा उंच, केस विस्कटलेले, सगळ्या जगावर रुसल्यासारखा. "मी मित्राकडे झोपलो होतो."

"मित्र म्हणतो, तू मधेच उठून गेलास."

"फिरायला गेलो होतो. पायी." त्यानं एवढं बोलून मोबाइलमध्ये डोकं घातलं. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि चटकन नजर फिरवली. ती नजर गुळगुळेनं टिपली.

शेवटी कंपाउंडर. सरळ माणूस, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला, आणि त्याच्या डोक्यावरच गाडीच्या चावीची खुंटी. "ड्रायव्हर दुपारी जेवण झाल्यावर चावी टांगून गेला. म्हणाला, गाडी मागच्या गल्लीत लावली आहे, घरी जाऊन पडतो. मी संध्याकाळपर्यंत इथून उठलो नाही. चावीही हलली नाही."

"नक्की?"

"बाई, माझ्या डोक्यावरून कोणी चावी नेईल आणि मला कळणार नाही?"

धाकट्यानं जीपमध्ये हेच सांगितलं होतं. चावी ठेवली, पायी घरी आलो, आई शेजारी गेली होती, एकटाच झोपलो. संध्याकाळी गाडी तिथेच होती, सकाळी दिवा फुटलेला दिसला. कोणीतरी पार्किंगमध्ये ठोकून गेलं असेल असं वाटलं.

म्हणजे गाडी हलली होती आणि चावी हलली नव्हती. गुळगुळेला तिथे उभ्या उभ्या काहीतरी आठवत होतं.

३

मागची गल्ली अरुंद. एका बाजूला दवाखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला एका गोदामाचं भलंमोठं लोखंडी फाटक. फाटकाचं एक दार पांढरंशुभ्र, आणि दुसऱ्यावर रंगारी आज हात चालवत होता. तोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा, हातात स्प्रेची बंदूक.

"परवा केव्हा रंगवत होतास?" बाईंनी विचारलं.

"दुपारी जेवल्यावर धरलं. शाळेची घंटा झाली तेव्हा हात धुतले. वारा होता, सगळा रंग गल्लीतच उडत होता."

"इथे पांढरी गाडी होती?"

"होती की. फाटकाला लागूनच."

"गाडीत कोणी?"

रंगाऱ्यानं चष्मा काढून दाखवला. काचांवर रंगाचा पडदा बसला होता. "यातून मला फाटकाचे गज नीट दिसेनात. गाडीत राजा बसला असता तरी दिसला नसता."

गुळगुळेला राहवेना. "बाई, मला दिसलं नाही, पण कळलंय. गाडीत कोणीतरी होतं. चालकाच्या दाराच्या आतल्या कडेवर खरखर होती. चौकटीच्या कडेलाही. दार बंद असतं तर आत कणसुद्धा जात नाही, कडेनं रबर असतं. रंग उडत होता तेव्हा दार उघडं होतं. सगळा वेळ उघडं होतं."

बाई थांबल्या. "आतल्या कडेवर?"

"आतल्या."

"आतल्या कडेवर, नक्की?"

"माझी बोटं आहेत ती, बाई. खोटं नाही बोलत."

पुढचं त्यानं भराभर जुळवून दिलं. रंगकाम चालू असताना कोणीतरी गाडी उघडून आत बसलं होतं. शाळा सुटायच्या सुमाराला तीच गाडी शाळेमागे म्हाताऱ्याला धडकली. खुंटीवरची चावी तर हलली नव्हती. मग गाडी उघडली दुसऱ्या चावीनं, आणि दुसरी चावी डॉक्टरांच्या घरी. घरी राहतात तिघं. डॉक्टर पेशंटपाशी, त्यांच्या बायको शिवणाच्या बायकांत. उरला एकटा मुलगा, आणि तो कुठे होता ते धड सांगत नाही.

बोलता बोलता त्याचा आवाज चढला होता. आयुष्यात पहिल्यांदाच आपली बोटं आपल्या माणसाच्या कामी येताहेत असं त्याला वाटलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मुलाला बोलावणं धाडलं.

संध्याकाळी धाकटा सुटला. आईचा जीव भांड्यात पडला. ती दोघांच्या मधे बसून एकदा याच्या आणि एकदा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तुझा दादा होता म्हणून," ती धाकट्याला म्हणत होती. धाकटा खाली मान घालून पानावर बसला, धड जेवला नाही. गुळगुळेला वाटलं, पोरगा धास्तावला आहे.

"बघ, आता झालं ना सगळं?" तो भावाला म्हणाला.

धाकटा ताट उचलून मोरीकडे गेला.

४

दुसऱ्या दिवशी गाळ्यात डॉक्टरांच्या बायको आल्या. एकट्याच, पायी, आणि एरवी इतक्या नीटनेटक्या बाईचे केस आज विंचरलेलेही नव्हते. पांढरी गाडी पोलिसांनी नेली होती. तिच्या जागी दुसऱ्याच कोणाची हिरवी गाडी उभी होती. तिलाच धरून त्या उभ्या राहिल्या.

"त्याला रात्रभर ठेवून घेतलं," त्या म्हणाल्या. "तो कुठे फिरायला जातो ते मला ठाऊक आहे. परीक्षेत नापास झालाय, वडिलांना सांगितलेलं नाही. दुपारी बागेत जाऊन बसतो. नुसता बसतो. कोणी पाहिलं नाही त्याला, म्हणून कोणी मानत नाही."

गुळगुळेनं फडकं उगाच पिळलं.

"तुम्ही म्हणालात ते खरं आहे ना?" त्यांनी विचारलं. "दार उघडं होतं, हे. मी वाद घालायला आलेली नाही. फक्त एकदा माझ्या तोंडावर सांगा."

"खरं आहे, ताई."

"मग मी काय करू ते तरी सांगा."

त्यानं फडकं बादलीत बुडवून पुन्हा पिळलं. त्या आल्या तशा गेल्या. आपण एका आईचं पोर सोडवून दुसऱ्या आईचं पोर अडकवलं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. त्यात आपली चूक काय, हे त्याला कळेना, आणि तरी हात कामाला लागेना.

तेवढ्यात इन्स्पेक्टर बाई आल्या. उलटी बादली पायानं ओढून तिच्यावर बसल्या.

"तुमचं काम बघायला आले," त्या म्हणाल्या. "चालू द्या."

तो हिरव्या गाडीच्या दारावर फवारा मारून गोळा फिरवू लागला. बाई बघत होत्या. दाराचा बाहेरचा पत्रा झाला, हँडल झालं. त्यानं फडक्यानं पुसलं आणि पुढच्या दाराकडे वळला.

"आतली कड राहिली," बाई म्हणाल्या.

"आतली कोण घासतं, बाई? ती कोणाच्या हाताला लागते? सगळ्या गाड्यांना तसं करत बसलो तर—"

आणि तो थांबला. हातातला गोळा हातातच राहिला.

"आतली कोण घासतं?" बाईंनी त्याचेच शब्द पुन्हा उच्चारले. "मग त्या दिवशी का घासलीत?"

५

त्याला सगळं आठवत होतं. मुळात ते त्याच्या मनातून कधी गेलंच नव्हतं. फक्त त्यानं ते कधी बाहेर काढून पाहिलं नव्हतं. गाडी लावून धाकटा चहा पीत होता आणि सहज बोलावं तसं बोलला होता, दादा, माझ्या बाजूच्या दाराच्या आतूनही घे हं, तिथेही खरखरतंय.

"धाकट्यानं सांगितलं," तो म्हणाला. आपण का बोललो, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

बाईंना नवल वाटलेलं दिसलं नाही. "मलाही तसंच वाटलं. आता मी बोलते, कुठे चुकलं तर सांगा. ड्रायव्हर माणूस, सकाळी दार उघडताना बोट लागलं, कळलं. इथपर्यंत काही वावगं नाही. पण मी त्याला कोंडून दिवसभर एकच विचारत होते, तू नव्हतास हे कशावरून? त्याला सुटायला एकच वाट होती. त्यानं म्हणायला हवं होतं, बाई, मी घरी होतो, माझ्यामागे कोणीतरी गाडी उघडली, दाराच्या आतपर्यंत रंग उडालाय, दादाला विचारा. ते तो एकदाही बोलला नाही. तुम्ही बोललात."

गुळगुळेनं गोळा डबीत ठेवला.

"निर्दोष माणसाला ती खूण सापडली असती तर त्यानं ती सगळ्यांना ओरडून दाखवली असती. तुमच्या भावानं ती घासून घेतली, आणि वर गप्प बसला. का? कारण ती खूण दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याला ती स्वतःकडेच बोट दाखवताना दिसत होती."

"पण चावी," गुळगुळे म्हणाला. "चावी खुंटीवर होती. कंपाउंडर सांगतो ना."

"हो. तिथेच मी अडले आहे." बाईंनी खिशातून रुमाल काढून हात पुसले, हात ओले नसताना. "दुसरी चावी डॉक्टरांच्या घरात नाही. त्यांच्या बायकोनी कपाटं उपसली. त्यांना आठवतच नाही कुठे गेली. ती मिळाली नाही तर माझ्याकडे काय उरतं? एका भावाची बोटं. आणि जे बोटांना कळलं तेही त्यानंच साफ केलेलं. कोणीही वकील मला हसेल. तो मुलगा मात्र आत राहील, कारण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही."

गुळगुळे बाईंकडे बघत राहिला. दुसरीकडे कुठेही बघायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. विशेषतः दाराकडे बघायचं नाही.

बाई बादलीवरून उठल्या. "मी समोर फोन करून येते," त्या म्हणाल्या. "वेळ लागेल."

६

त्या गेल्यावर तो फळीपाशी गेला.

मागच्या खेपेला डॉक्टर परगावी होते आणि रोजची चावी त्यांच्याबरोबर गेली होती, तेव्हा त्यांच्या बायकोनी घरातली दुसरी चावी देऊन गाडी पाठवली होती. गाडी परत गेली ती धाकट्यानं नेली, तोवर डॉक्टर रोजची चावी घेऊन आले होते. ही इथेच राहिली. त्या विसरल्या, गुळगुळेही विसरला. धाकटा रोज सकाळी याच फळीखाली उभा राहून चहा प्यायचा.

चावी नेहमीच्या खिळ्यावरच होती. वरचं प्लास्टिक काळं. त्यानं ती उजेडात धरली. पांढऱ्या गाडीवर जे कोणाला दिसलं नव्हतं ते काळ्या चावीवर स्वच्छ दिसत होतं. एका बाजूनं पांढरे बारीक ठिपके, दुसरी बाजू कोरी. त्यानं नखानं खरवडून पाहिलं. निघत नव्हतं.

डबीतल्या गोळ्यानं ते निघालं असतं. फवाऱ्याचा एक झोत आणि बोटाचे दोन फेरे. एवढंसं काम तो गप्पा मारता मारता करायचा. त्यानं गोळा उचलला. तो मऊ होता, हाताच्या उबेनं आणखी मऊ झाला. त्यानं तो चावीपर्यंत आणला. तिथेच त्याचा हात अडला.

त्याला आई दिसत होती, दोघांच्या पाठीवरून हात फिरवणारी. आणि हिरव्या गाडीला धरून उभी असलेली दुसरीही. घड्याळवाल्याला कोणी होतं की नव्हतं, हे त्यानं आजवर कोणाला विचारलंही नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, राग आला, आणि कोणावर काढावा ते कळेना. भावाला सोडवायला तोच आकाशपाताळ एक करत होता. दार उघडं होतं हे त्याच्याशिवाय जगात कोणाला ठाऊक होतं? तो गप्प बसला असता तर बाईंना आयुष्यभर त्या आतल्या कडेचा पत्ता लागला नसता.

बाई आल्या तेव्हा तो तसाच उभा होता, एका हातात चावी, दुसऱ्यात गोळा. त्यांनी आधी गोळ्याकडे पाहिलं. मग चावीकडे. मग गाळ्याच्या दाराशीच थांबून हात पुढे केला.

खूप वेळ त्यांचा हात तसाच होता. गुळगुळेला वाटत होतं, कोणीतरी यावं, एखादं गिऱ्हाईक यावं, फोन वाजावा. कोणी आलं नाही. शेवटी त्यानं चावी त्यांच्या हातावर ठेवली आणि खाली बसला, जमिनीवरच.

"माझ्या आईला तुम्ही सांगाल का?" त्यानं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "ते तुम्हालाच सांगावं लागेल."

७

धाकट्यानं फार ताणलं नाही. चावी पाहिली आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. मग बाईंनी दोघा भावांना बाकावर शेजारी बसू दिलं आणि शिपायाला लांब उभं केलं.

"तू मला ते घासायला लावलंस," गुळगुळे म्हणाला. "माझ्याच हातून."

"मग कोणाला सांगणार होतो, दादा?"

गुळगुळेनं आपली बोटं उलटसुलट करून पाहिली.

धाकट्याची बायको वर्षभरापूर्वी माहेरी निघून गेली होती, मुलीला घेऊन. चूक कोणाची हा वाद घरात पुष्कळदा झाला होता, आता कोणी काढत नसे. मुलीला भेटायला गेला की तिचा मामा अंगावर धावून यायचा.

"शाळा सुटते तेव्हा ती बाहेर येते," धाकटा म्हणाला. "चालत गेलो तर मामा ओळखतो. गाडीत काचा वर करून बसलं की कोणाला कळत नाही. म्हणून तुझ्या फळीवरची चावी न्यायचो. खुंटीवरची घेतली असती तर डॉक्टरांना कळलं असतं. घंटा होईपर्यंत गल्लीत दार उघडं टाकून बसायचो, आत फार उकडतं. मग शाळेसमोर जायचो. ती पांढरी गाडी बघून हात करते रे. आत कोण आहे ते तिला माहीत नाही. तिला वाटतं, ही गाडीच तिच्या ओळखीची आहे. त्या दिवशी मी जरा जास्तच थांबलो. मग डॉक्टर बाहेर यायच्या आत परत पोचायचं म्हणून जोरात काढली. म्हातारा वळणावर एकदम पुढे आला."

"थांबायचं होतंस."

"आरशात बघितलं मी. हलत होता." धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "थांबलो असतो तर सगळं कळलं असतं, मी तिथे का होतो ते. मग ती परत कधी दिसली नसती. एवढंच आलं डोक्यात. दुसरं काही आलंच नाही."

गुळगुळेला त्याला मारावंसं वाटत होतं आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. त्यानं दोन्ही केलं नाही. शिपाई आला आणि धाकट्याला घेऊन गेला.

डॉक्टरांचा मुलगा सुटला. त्याची आई पुन्हा गाळ्यात आली नाही, आणि यायचं कारणही नव्हतं. घरी आईला सांगितलं त्या दिवशी काय झालं, ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "चावी तू दिलीस?" तो हो म्हणाला, आणि त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी त्यानं गाळा लवकर बंद केला आणि चालत शाळेपर्यंत गेला. का गेला, हे कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिथे जाऊन तो काय करणार होता? रस्त्यापलीकडे झाडाखाली उभा राहिला. घंटा झाली, पोरांचा लोंढा बाहेर आला. पुतणीला त्यानं वर्षभर पाहिलं नव्हतं. तरी चालण्याच्या ढबीवरून त्यानं तिला ओळखलं, थेट बापासारखी पाय फेकत चालत होती.

फाटकापाशी येऊन ती थांबली. तिनं रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. एक निळी गाडी गेली, मग एक टेंपो. तिनं टाचा उंचावून पुन्हा पाहिलं. तिची नजर झाडाखाली उभ्या असलेल्या माणसावरून एकदा गेली, पण थांबली नाही. गुळगुळेचा हात वर व्हायला निघाला होता, तो त्यानं खिशात घातला.

मामा तिला हाका मारत होता. ती अजून थोडी थांबते म्हणाली. मामानं दप्तर घेतलं आणि तिचा हात धरला. जाता जाता ती दोनदा मागे वळून पाहत होती.